गिलाव्याखालचा गंज

गेल्या वेळी याच कार्यक्रमात आपण कोकम आगळाच्या बाटल्या आणि लेबलं यावर बोललो. आज बोलायचंय स्लॅबवर. घराच्या, अंगणवाडीच्या, शाळेच्या. आता ही बाई आपल्याला गवंडीकाम शिकवणार की काय, असं कुणाला वाटेल. मला गवंडीकाम येत नाही आणि मी इंजिनिअरही नाही. पण या विषयात माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती झाल्यावर मी जे विचारलं, पाहिलं, ते तुम्हाला सांगणं भाग आहे.

आमच्या एका गटात एक काकू आहेत. त्यांचं घर 1996 सालचं. आधी चिऱ्याचं कौलारू होतं. थोरले दीर मुंबईला कामाला होते, त्यांनी पैसे पाठवले आणि मागची दोन खोल्यांची बाजू पाडून स्लॅब घातला. गावात तेव्हा स्लॅबचं घर म्हणजे कौतुक. कौलं शाकारणं नको, माकडांचा त्रास नको. पुढे पंचवीस-सव्वीस वर्षांनी आतून पोपडे पडायला लागले. काकूंनी गटाकडे अर्ज केला: स्लॅब दुरुस्तीसाठी चाळीस हजार रुपये, चोवीस हप्ते. काकूंचा एकही हप्ता कधी चुकलेला नाही. पाच मिनिटांत आम्ही कर्ज मंजूर केलं. परतफेड होईल का, एवढंच पाहिलं. दुरुस्ती म्हणजे नक्की काय करणार, हे एकीनेही विचारलं नाही. समन्वयक म्हणून शिफारशीवर पहिली सही माझी होती.

गवंड्याने सुटलेले पोपडे खरवडले, वरून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा मारला, पांढरा रंग दिला. चार दिवसांत काम झालं. घर लग्नघरासारखं दिसायला लागलं. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या वर्षी आषाढात एका संध्याकाळी छताचा सुपाएवढा तुकडा खाटेवर पडला. त्या खाटेवर काकूंचा नातू झोपतो. त्या वेळी तो शेजारी टीव्ही बघायला गेला होता. पडलेला माल उचलून बाहेर टाकला तर दोन घमेली भरली. वर बघितलं तर सळया उघड्या, लालभडक, आणि पापुद्रे सुटलेले. चौदा हप्ते भरून झाले होते, दहा बाकी होते.

पुढच्या बैठकीला काकू आल्या, नेहमीसारखा हप्ता ठेवला आणि म्हणाल्या, "मी चुकवणार नाही गं. पण ज्याचे पैसे भरतेय ते उकिरड्यावर टाकून आले, म्हणून हात जड होतो." मला काय बोलावं ते सुचलं नाही.

मग मी शोध घेतला. सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक काका शेजारच्या गावात राहतात. त्यांना घेऊन काकूंकडे गेले. ते आले, वर बघितलं आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: "खाट आत्ताच्या आत्ता बाहेर काढा आणि टेकू लावा. बाकी मग बोलू." दोन प्रॉप आणि वर आडवी फळी असे टेकू त्याच संध्याकाळी लागले. गणपती त्या वर्षी पडवीत बसला.

त्यांनी मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. काँक्रीट म्हणजे सिमेंट, रेती, खडी आणि पाणी. दाबलं तर ते भरपूर भार सोसतं, पण ताणलं तर लगेच तुटतं. स्लॅब दोन भिंतींवर टेकलेला असतो, वजनाने मधे वाकतो, आणि वाकला की त्याची खालची बाजू ताणली जाते. तो ताण सळई घेते. म्हणून खोलीच्या मधल्या भागात सळई खालच्या अंगाला असते, म्हणजे आपण झोपतो त्याच्या बरोबर वर. तीच गंजली तर स्लॅबचं बळच गेलं.

मग सळई गंजते का? तर ओलं सिमेंट हे चुन्यासारखं क्षारयुक्त असतं. त्या क्षारात लोखंडावर एक अगदी पातळ संरक्षक थर बसतो आणि तोवर गंज धरत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो आणि क्षारपणा कमी करत जातो. तो सळईपर्यंत पोचला की तो थर संपला. त्यात ओल मिळाली की गंज सुरू. आपल्या खाडीपट्ट्यात दुसरा शत्रू आहे, मीठ. खारी हवा तर आहेच, पण त्या काळी कितीतरी घरांना खाडीची रेती न धुता वापरली. ते मीठ स्लॅबच्या पोटातच बसलेलं आहे. मिठाला क्षारपणा कमी व्हायची वाट बघावी लागत नाही, ते थेट तो थर फोडतं.

आणि गंजलेलं लोखंड फुगतं. मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा त्याला लागते. आत जागा नाही, म्हणून ते खालचं काँक्रीट ढकलून देतं. आधी सळईच्या रेषेत भेग, मग फुगवटा, मग पोपडा, मग सुपाएवढा तुकडा. पोपडा हा गिलाव्याचा रोग नाही, आतला गंज बाहेर आलाय. आम्ही चाळीस हजार रुपये देऊन त्याच्यावर पांढरा रंग लावला.

सळईच्या खाली काँक्रीटचं जे आवरण असतं त्याला कव्हर म्हणतात. स्लॅबला ते निदान 20 मिलिमीटर लागतं, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढं, कॉलमला 40 मिलिमीटर, आणि खाऱ्या हवेत त्याहून जास्त. काकूंच्या स्लॅबला किती होतं माहीत आहे? पडलेल्या तुकड्यावर सळईची खूण स्पष्ट होती, मी स्वतः पट्टी लावली. काही ठिकाणी 8 मिलिमीटर, एका जागी तर सळई जवळजवळ फळीवरच टेकलेली. ओतताना सळईखाली ठोकळे लावलेच नव्हते, किंवा लावले असतील तर माणसं वर चालली आणि ते निसटले.

इथे मला एक वेगळंच सांगायचंय. स्लॅबच्या दिवशी घमेली कोण वाहतं? आपणच. माझ्या आईने वाहिली आहेत, तुमच्यातल्या कितीजणींनी वाहिली असतील. माल पातळ झाला की घमेलं हलकं वाटतं, पसरायला सोपं जातं, म्हणून मिक्सरमध्ये जादा पाणी ओततात हे आपण डोळ्यांनी बघितलंय. सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीला 25 ते 30 लिटर पाणी पुरे असतं, त्यात ओल्या रेतीतलं पाणीही धरायचं. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि जागोजागी बारीक छिद्रं ठेवतं. त्याच छिद्रांतून पुढे हवा, ओल आणि मीठ आत शिरतं. आणि स्लॅब पडल्यावर पाणी मारायचं काम? तेही आपलंच. निदान सात दिवस, आणि हल्ली जे पीपीसी सिमेंट येतं त्याला निदान दहा दिवस स्लॅब सतत ओला हवा. मातीचे छोटे बांध घालून पाणी साठवायचं. "सकाळ-संध्याकाळ दोन बादल्या मारल्या" हे पुरत नाही. विहीर आटलेली, मे महिन्याचं ऊन, डोक्यावरून हंडे आणणारी एकटी बाई. कितीदा हे काम अर्धवट राहिलं असेल! तो दोष तिचा नाही, पण स्लॅब कच्चा राहिला हे खरं. म्हणजे आपल्याला यातलं काही कळत नाही असं नाहीये, बायांनो. आपल्याला कुणी विचारत नाही, एवढंच.

आता आपल्या घरात काय बघायचं ते सांगते. दिवसाउजेडी, हातात बॅटरी घेऊन.

आधी डाग. तांबूस ओघळ दिसला तर गंज आहे. पांढरे, चुन्यासारखे थर किंवा छताला लोंबणारे पांढरे शेंडे दिसले तर पाणी आरपार झिरपतंय आणि सिमेंटमधला चुना धुऊन आणतंय. मग भेगा. सगळ्या भेगांना घाबरायचं कारण नाही. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या भेगा असतात, त्या बहुतेक वेळा वरवरच्या. पण एका रेषेत, ठराविक अंतरावर, एकमेकींना समांतर भेगा म्हणजे वर सळया फुगल्या आहेत. बीम भिंतीला किंवा कॉलमला टेकतो तिथे तिरकी, कोपऱ्यापासून वर चढणारी भेग दिसली, तर ती सगळ्यात वाईट. तिथे थांबायचं नाही, इंजिनिअर बोलवायचा. कॉलमला उभी भेग आणि कडा सुटलेली दिसली तरी तसंच.

सज्जा आणि गॅलरीचं मात्र उलटं असतं. सज्जा एका बाजूनेच धरलेला असतो, पुढे लोंबतो. म्हणून तिथे ताण वरच्या अंगाला येतो आणि सळई वर असावी लागते. ओतताना कामगार त्यावर पाय देतात, सळई दबून खाली जाते आणि नुसत्या काँक्रीटवर सज्जा उभा राहतो. त्याची भेग वरून, भिंतीलगत पडते, खालून बघितलं तर दिसत नाही. आणि आपण काय करतो? सज्जावर जळाऊ लाकडं, उतरवलेली कौलं, फुटक्या कुंड्या रचतो. मुलं त्याच्याखाली खेळतात. आज घरी गेल्यावर सज्जावरचं ओझं तेवढं उतरवा.

मग हातोडी. लहानशी, पाव किलोची पुरते. हेल्मेट नसेल तर निदान जाड टोपी घालायची, तोंडाला ओढणी बांधायची आणि कधीही बरोबर डोक्यावर ठोकायचं नाही, बाजूला उभं राहून ठोकायचं. मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसंच हे. खणखणीत आवाज आला तर घट्ट आहे. भद्द, पोकळ आवाज आला तर आतून थर सुटलाय. पोकळ जागेभोवती कोळशाने रेघ मारत जायचं. काकूंच्या खोलीत पडलेल्या जागेभोवती आम्ही अशी रेघ मारत गेलो तेव्हा जवळजवळ अर्धं छत रेघेच्या आत आलं. पांढऱ्या रंगाच्या खाली. खणखणीत आवाज आला म्हणजे सगळं ठीक असं मात्र नाही. पोकळ आला म्हणजे बिघडलंय, हे नक्की.

एखादी भेग जुनी आहे की वाढतेय हे कळायलाही सोपी युक्ती आहे. भेगेवर आडवी पातळ काचेची पट्टी सिमेंटने चिकटवायची किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठिपका लावायचा आणि शेजारी तारीख लिहायची. पट्टी तडकली तर भेग हलतेय. मोबाइलवर दर महिन्याला एकाच जागेवरून फोटो काढला तरी चालतो, फक्त शेजारी पट्टी किंवा एक रुपयाचं नाणं धरा, म्हणजे माप कळतं.

यापुढचं काम इंजिनिअरचं. त्यांच्याकडे चाचण्या असतात. एक हातोड्यासारखं स्प्रिंगचं यंत्र असतं, ते पृष्ठभाग किती टणक आहे ते सांगतं. दुसरं यंत्र काँक्रीटमधून न ऐकू येणारा ध्वनी पाठवतं. चांगल्या काँक्रीटमधून तो सेकंदाला साडेतीन-चार किलोमीटरच्या वेगाने जातो. आत पोकळी किंवा भेग असेल तर त्याला वेळ लागतो. कधी गोल तुकडा कापून प्रयोगशाळेत दाबून बघतात. मला सगळ्यात आवडली ती एक साधी चाचणी. शाळेच्या प्रयोगशाळेत फिनॉल्फ्थॅलीन असतं ना, आम्लारी ओळखायला? ते ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर शिंपडतात. क्षार शाबूत असेल तिथे गडद गुलाबी होतं. जिथे क्षार संपला तिथे रंगच येत नाही. काकूंच्या स्लॅबवर काकांनी शिंपडलं. खालचा भाग कोरा, सळईच्या वर दोन बोटांवर गुलाबी रेघ. म्हणजे सळई कधीच उघडी पडली होती, आम्ही गिलावा करायच्याही कितीतरी आधी. पण लक्षात ठेवा, खाऱ्या भागात गुलाबी रंग आला म्हणूनही निर्धास्त राहता येत नाही. मीठ आहे का, ते वेगळं तपासावं लागतं.

आता सळई किती झिजली, याचा एक हिशोब. आठ मिलिमीटरची सळई गंज काढल्यावर सहाची भरली. आपल्याला वाटतं, पाव भाग गेला. तसं नाही. आठ बोटांची भाकरी आणि सहा बोटांची भाकरी शेजारी ठेवून बघा, पोट किती भरेल? बळ मोजायचं ते रुंदीवरून नाही, अख्ख्या गोलावरून. आठाची सहा झाली तर जवळजवळ 44 टक्के बळ गेलं. अशा वेळी नुसतं घासून रंगवून भागत नाही, शेजारी नवी सळई बांधावी लागते. ती किती जाडीची, कुठून कुठपर्यंत, हे इंजिनिअरने लिहून द्यायला हवं. गवंड्याच्या अंदाजावर सोडायची ही गोष्ट नाही.

खरी दुरुस्ती कशी असते ते मी काकूंच्या घरी दिवाळीनंतर उभी राहून बघितलं. दिवाळीनंतर का, तर छत वाळायला हवं. आणि आधी वरचं पाणी थांबवलं. गच्चीचा उतार चुकलेला होता, पन्हाळीचं तोंड पाचोळ्याने बुजलेलं. वरून पाणी चालू ठेवून खालून लिंपण करणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणं. मग टेकू. मग सुटलेलं सगळं फोडून काढलं, सळईच्या वरच्या अंगालाही बोट जाईल एवढं. सळई अर्धी काँक्रीटमध्ये अर्धी बाहेर ठेवली तर वरच्या अंगाला गंज तसाच राहतो. फोडता फोडता स्वच्छ, काळं लोखंड लागेपर्यंत जायचं. गवंडी म्हणत होता, "ताई, एवढं फोडलं तर पैसे जास्त लागतील." लागले. मग तारेच्या ब्रशने गंज घासला, जिथे झीज जास्त तिथे नवी सळई बांधली, गंजरोधक लेप लावला, जुन्या-नव्याची पकड धरण्यासाठी पॉलिमरचं द्रावण सिमेंटमध्ये कालवून लावलं आणि त्याच पॉलिमरच्या मसाल्याने थर थर देऊन भरलं. आणि पाणी मारलं, हो, इथेही.

काका स्पष्ट बोलणारे आहेत. ते म्हणाले, "वहिनी, आत मीठ आहे. आज जिथे भरलं तिथे टिकेल, पण ठिगळाच्या कडेला काही वर्षांनी पुन्हा गंज येऊ शकतो. दरवर्षी ठोकून बघायचं. एक दिवस हा स्लॅब उतरवावा लागेल, त्यासाठी आतापासून बाजूला टाकत जा." मला हे बरं वाटलं. पन्नास वर्षांची हमी देणाऱ्या माणसापेक्षा असं सांगणारा परवडला.

काय करू नये, त्यातल्या दोनच गोष्टी सांगते. गळतं म्हणून जुन्या कोब्यावर नवा कोबा. दोन इंचांचा कोबा एका चौरस फुटाला साधारण दहा किलो भरतो. तीनशे चौरस फुटांच्या गच्चीवर तो तीन टन झाला. म्हणजे गंजलेल्या स्लॅबवर आपण तीन टन वजन कायमचं ठेवलं. जुना काढूनच नवा घालायचा. हजार लिटरची टाकी भरली की एक टन, ती मधोमध ठेवायची नाही, खाली भिंत किंवा बीम असेल तिथे, तेही विचारून. दुसरं, आपल्याकडे सगळेजण स्लॅबवर पत्र्याची शेड घालतात. चांगलीच गोष्ट आहे, तीन हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घ्यायला नको. पण खांब उभे करायला स्लॅबला भोकं पाडतात, ती नीट बुजवत नाहीत, आणि नेमकं तिथूनच पाणी सळईला लागतं. आणि पत्रा घातला म्हणून आधी धरलेला गंज बरा होत नाही.

आता गटाचं सांगते, कारण तिथे भांडण झालं. काकूंना दुसरं कर्ज हवं होतं, साठ हजार. कोषाध्यक्ष म्हणाल्या, पहिलं फिटल्याशिवाय दुसरं नाही, नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, पहिल्याचं उरलेलं व्याज तरी माफ करू, चूक आपली आहे. तर दोघी-तिघी उसळल्या. "व्याज तुमच्या घरचं नाही ताई, सगळ्यांचं आहे. सही तुम्ही केलीत, आमची मुद्दल का खावी?" राग आला मला. रात्री विचार केला तर त्यांचंच बरोबर वाटलं. शेवटी ठरलं ते असं: व्याज माफ नाही, पहिल्याचे हप्ते चालू, पण दुसरं कर्ज द्यायचं आणि तीन भागांत द्यायचं. पहिला भाग टेकू आणि फोडण्यासाठी. दुसरा भाग सळई उघडी, घासलेली असताना गटातल्या दोघींनी प्रत्यक्ष बघून फोटो काढल्यावर. तिसरा भाग पाणी मारून झाल्यावर. झाकलेल्या कामाला पैसे नाहीत. आता आमच्या प्रभागातल्या बऱ्याच गटांनी घरदुरुस्तीच्या कर्जाला हीच पद्धत ठेवली आहे. गवंडी सुरुवातीला कुरकुरले. एक तर म्हणाला, बायका आता सळया मोजणार! मोजल्या आम्ही. एका घरी नव्या सळया ठरल्या त्याहून दोन कमी निघाल्या.

आणि अंगणवाडी. काकूंच्या छताला हातोडी लावल्यावर आमच्यातल्या एकीने सहज म्हटलं, पोरं बसतात तिथलं कुणी बघितलंय का? आम्ही सहाजणी गेलो. मुलं बसतात त्या भागात खणखणीत. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात, जिथे मदतनीस ताई रोज चूल बघतात, तिथे भद्द. बाहेरचा सज्जा भिंतीलगत वरून चिरलेला, आणि मुलं चपला काढतात त्याच्या खाली.

आम्ही कोळशाने रेघा मारल्या, फोटो काढले, तारखा लिहिल्या आणि ग्रामपंचायतीला अर्ज दिला. पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय अर्ज द्यायचा नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. दोन महिने काही हललं नाही. "निधी आला की बघू," "वरून आदेश नाही." मग ग्रामसभेच्या आधी महिला सभेत विषय घेतला आणि तो ठराव म्हणून पुढे नेला. ठरावात काय मागायचं ते नेमकं लिहिलं: पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागाकडून इमारतीची तपासणी, तोवर मुलांची दुसरीकडे व्यवस्था, आणि इमारत दुरुस्तीलायक नसेल तर निर्लेखनाचा प्रस्ताव. निर्लेखन हा शब्द लक्षात ठेवा. सरकारी इमारत कागदावर मोडीत काढल्याशिवाय पाडता येत नाही आणि ती उभी असली की नवीन मिळत नाही. अशा मधेच अडकलेल्या कितीतरी शाळाखोल्या आणि अंगणवाड्या आहेत.

ग्रामसभेत एक गृहस्थ म्हणाले, "तीस वर्षं उभी आहे, आजच कशी पडेल?" मला महाड आठवलं. तिथली पाच मजली इमारत 24 ऑगस्ट 2020 ला कोसळली, 16 माणसं गेली, आणि ती काही जुनीपुराणी इमारत नव्हती. मुंबईत 30 वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या गावात तीस वर्षं उभी आहे, हेच भक्कमपणाचं प्रमाणपत्र समजतात. मी एवढंच विचारलं, "भाऊ, तुमची नात त्या सज्जाखाली चपला काढते. तिला उद्या तिथेच बसवू का?" ते खाली बसले. ठराव झाला.

अभियंता साहेब आले, त्यांनी तपासलं. सज्जा त्याच आठवड्यात उतरवला. स्वयंपाकाचा कोपरा फोडून दुरुस्त करायचा अहवाल आहे, अख्खी इमारत पाडायची गरज नाही असं त्यांनी लिहून दिलं. आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा इमारत बरी निघाली. सध्या मुलं देवळाच्या सभामंडपात बसतात. काम पावसाआधी व्हायचं होतं, निविदेत अडकलं, आता दिवाळीनंतर म्हणतायत. ताई सभामंडपात चूल पेटवू शकत नाहीत, म्हणून खिचडी दोन घरांमधून आळीपाळीने शिजून येते. हे किती दिवस चालेल, मला सांगता येत नाही.

काकूंचा नातू पुन्हा त्याच खोलीत झोपतो, पण काकूंनी खाट सरकवून बीमलगत भिंतीला लावली आहे. काका म्हणाले होते, आता तशी गरज नाही. काकू म्हणाल्या, असू दे.

आमच्या ग्रामसंघाने दोन हातोड्या, एक बॅटरी आणि एक हेल्मेट घेऊन ठेवलंय. सचिव ताईंच्या घरी आहेत. ज्यांना हव्यात त्यांनी वहीत नाव लिहून न्याव्यात आणि आठ दिवसांत परत आणून द्याव्यात. हेल्मेट परत येत नाही, अशी ताईंची तक्रार आहे.